वय वाढतं तसं सप्लिमेंटबद्दलचं मत का बदलतं, आणि कोणत्या वयात खरंच काय लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बावीस वर्षांचा मुलगा प्रोटीन पावडरशिवाय राहत नाही, पन्नाशीची आई कॅल्शियम आणि केसांच्या गोळ्या घेते, पंचाहत्तरीच्या आजोबांकडे ‘ताकदीच्या’ गोळ्यांचा डबा भरलेला आहे, आणि तिघांनाही बाकी दोघांचं चुकतंय असं वाटतं. मी फार्मासिस्ट आहे. काउंटरवर हा वाद रोज वेगवेगळ्या वयाच्या तोंडून ऐकायला मिळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विशीतला माणूस काहीतरी मिळवण्यासाठी घेतो: दंड, वजन, दाट केस. चाळिशीतला रक्ताच्या रिपोर्टमध्ये ठळक अक्षरांत छापलेल्या आकड्याला घाबरून घेतो. साठीपुढे हेतू पुन्हा बदलतो, आहे ते टिकावं एवढीच इच्छा असते. तिन्ही हेतू समजण्यासारखे आहेत. गोची अशी की प्रत्येक टप्प्यावर एक गोळी वाढते आणि जुनी एकही कमी होत नाही. चिठ्ठीवर ‘तीन महिने’ लिहिलेलं असतं, पण स्ट्रिप वर्षानुवर्षं घरात येत राहते. म्हणून कुठलंही सप्लिमेंट हातात घेतलं की मी तीन गोष्टी विचारतो: कोणती कमतरता भरून काढायची आहे, रोज किती मात्रा, आणि बंद कधी करायचं. तिसऱ्याचं उत्तर क्वचितच कुणाकडे असतं.

वयाबरोबर वापर वाढतो हे अमेरिकेच्या सरकारी पाहणीतही दिसतं. २०१७-१८ मध्ये तिथल्या ५७.६ टक्के प्रौढांनी मागच्या तीस दिवसांत काही ना काही सप्लिमेंट घेतलं होतं. साठीपुढच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ८०.२ टक्के होतं. त्यातले बरेच डबे तिकडे राहणाऱ्या मुलांच्या सामानातून पुण्या-मुंबईतही पोचतात. त्यांच्यावर व्हिटॅमिन डी मायक्रोग्रॅममध्ये छापलेलं असतं, आपल्याकडच्या गोळीवर युनिटमध्ये. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. २५ मायक्रोग्रॅम वाचून ‘किती कमी आहे’ असं वाटतं, पण ते १००० युनिट असतात आणि आईवडील ते इथल्या गोळीवर वरून घेत असतात.

आधी मुलाचं. निरोगी, व्यायाम न करणाऱ्या माणसाला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ६५ किलोला साधारण ५४ ग्रॅम. जोरात वजनं उचलणाऱ्याला किलोमागे १.४ ते १.६, म्हणजे ९० ते १०५ ग्रॅम. हे ताटातून जमतं. दोन अंडी १२-१३ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर १८, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स २५ च्या आसपास, दोन वाट्या घट्ट वरण १२-१३, अर्धा लिटर दूध १६, चार पोळ्या १२. बेरीज शंभरीला लागते. पनीर-अंडी परवडत नसतील किंवा होस्टेलच्या मेसवर अवलंबून असेल तर व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रथिनाच्या पावडरचा, एक स्कूप घ्यायला माझी हरकत नाही, पण डबा विकत घेण्याआधी साधा भागाकार करायला हवा. ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रथिन असेल तर ते ७३ टक्के झालं, ठीक आहे. ‘मास गेनर’ नावाच्या डब्यात हाच भागाकार केला तर बहुतेक वेळा १५-२० टक्के येतात. उरलेलं बरंचसं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टच. साखर-पिठाला प्रथिनाचा भाव द्यायचं कारण नाही. स्कूप घेतल्यावर पोट फुगत असेल तर कारण बहुधा दुधातली साखर, लॅक्टोज, असतं. ‘कॉन्सन्ट्रेट’ऐवजी लॅक्टोज जवळजवळ काढून टाकलेलं ‘आयसोलेट’ घेतलं की त्रास कमी होतो. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असावा. सुट्या पिशवीत, जिममध्ये हातोहात मिळणारी पावडर घेऊच नये, कारण त्यात काय मिसळलंय हे शोधायला मागच नसतो. आयसीएमआरच्याच राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळायला सांगितलंय, हेही मुलाला वाचायला द्या.

व्यायामात जोर यावा म्हणून तो क्रिएटिनची पावडर घेत असेल तर रोज ३ ते ५ ग्रॅम पुरे. पहिल्या आठवड्यात वीस ग्रॅमचा मारा करायची गरज नाही. एक लक्षात ठेवावं: त्याने रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते हे ज्यावरून पाहतात ते) थोडं वाढलेलं दिसतं आणि रिपोर्ट पाहणाऱ्याला किडनीची शंका येते. तपासणीआधी डॉक्टरांना सांगायचं.

याच वयातली एक विसंगती मला फार खटकते. महागडा डबा विश्वासाने घेतला जातो, आणि गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्या पिशवीत तशाच पडून राहतात. ‘बाळ मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल’, ‘शौचाला काळं होतं म्हणजे बाधली’ ही कारणं आजही ऐकू येतात. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर स्त्रीला दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस रोज एक गोळी दिली जाते: ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. या वयातलं खरं उपयोगाचं सप्लिमेंट कोणतं असं विचाराल तर हेच. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभराने घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून किमान दोन तास दूर ठेवा, सोबत लिंबूपाणी किंवा आवळा असू द्या. मूल हवं असं ठरवलं असेल तर फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम आधीच सुरू करायचं, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकल्याचं कळेपर्यंत बरेचसे दिवस निघून गेलेले असतात. आणि या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा. दोन वर्षांच्या मुलाने गोड आवरणाच्या मूठभर गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.

आता आईच्या केसांच्या गोळ्या. त्यात बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व असतं, बऱ्याचदा १० मिलीग्रॅम. रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे ही मात्रा तिच्या अडीचशे पटींहून जास्त. खरी कमतरता दुर्मीळ असते आणि ती नसेल तर केसांना फायदा झाल्याचा भक्कम पुरावा नाही. पन्नाशीच्या बाईचे केस गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड पाहावं. गंमत नाही, गंभीर अडचण इथेच आहे: काही प्रयोगशाळांच्या थायरॉइड तपासण्या बायोटिनवरच चालतात, त्यामुळे गोळी चालू असताना टीएसएच, म्हणजे थायरॉइडचा मुख्य आकडा, खोटं कमी येतं आणि नसलेल्या आजाराचे उपचार सुरू होऊ शकतात. हार्ट अटॅक ओळखणारी ट्रोपोनिन तपासणीही खोटी कमी येऊ शकते; अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस ही गोळी बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.

चाळिशी-पन्नाशीचा खरा प्रश्न मात्र व्हिटॅमिन डीचा आहे. ‘फुल बॉडी चेकअप’ केलं की डी कमी निघतं आणि ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पुडी सुरू होते. नेहमीची पद्धत: आठवड्यातून एक, असे आठ आठवडे. नंतर महिन्याला एक किंवा रोज कमी मात्रेची गोळी, डॉक्टर सांगतील तशी. इथे होणारी सर्वांत धोकादायक चूक म्हणजे आठवड्याची कॅप्सूल रोज घेणं. ती का होते हेही सरळ आहे. बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, हात आपोआप तिकडे जातो. स्ट्रिपवरचा मजकूर इंग्रजीत. आणि पुडीची चव गोड. रोजची गरज ६०० ते ८०० युनिट असते, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ७५ ते १०० दिवसांचा साठा. महिनाभर रोज घेतली तर १८ लाख युनिट पोटात जातात. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम चढतं: भूक जाते, उलट्या, बद्धकोष्ठ, खूप तहान, सारखी लघवी, गोंधळल्यासारखं होणं, आणि दुर्लक्ष झालं तर किडनी निकामी. अशी लक्षणं दिसली तर डी आणि कॅल्शियम दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

उपाय साधा. वार ठरवा, समजा रविवार. कॅलेंडरवर आठ रविवारांना गोल करा आणि घेतली की फुली मारा. स्ट्रिप रोजच्या डब्यात ठेवू नका. रिकाम्या पोटी घेऊ नका. दुपारच्या जेवणात तूप, तेल, शेंगदाणे काहीतरी असतंच, तेव्हा घ्या. पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी. त्याआधी केलेली तपासणी फारसं काही सांगत नाही. २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, ३० च्या वर पुरेसं. १०० च्या वर गेलं तर जास्त झालंय. ८० पर्यंत नेण्याचा हट्ट नको. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिलं, तेव्हा त्या घेणाऱ्यांमध्ये पडण्याचं आणि हाडं मोडण्याचं प्रमाण उलट वाढलं. ही चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. आणि अमेरिकेतल्या २५,८७१ लोकांच्या मोठ्या चाचणीत, ज्यांची कमतरता आधी तपासून निवड केलेली नव्हती, रोज २००० युनिट डी घेऊनही हाडं मोडणं कमी झालं नाही. कमतरता भरून काढणं आणि भरलेल्या भांड्यात ओतत राहणं यातला फरक इथे दिसतो.

कॅल्शियमची गोळी वाचताना बरेच जण फसतात. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलीग्रॅम’ असं लिहिलेलं असतं, पण त्यातलं प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलीग्रॅमच. पाळी थांबलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलीग्रॅम लागतं, तेही आहारासकट. अर्धा लिटर दूध-दह्यातून सहाशे, ५० ग्रॅम नाचणीच्या भाकरीतून किंवा आंबिलीतून १८०, दहा ग्रॅम तिळाच्या चटणीतून सव्वाशे मिळतात. एवढं जेवणात येत असेल तर दिवसाला एक गोळी भरपूर झाली, दोन नकोत. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती जेवणासोबत. पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल चालू असेल तर कार्बोनेट नीट शोषलं जात नाही. तिथे सायट्रेट घ्यावं, ते कधीही चालतं. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, आणि तिच्यानंतर चार तास कॅल्शियम किंवा लोह नाही. ‘डोस वाढवूनही टीएसएच खाली येत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा दोन्ही गोळ्या एकाच चहाबरोबर गेल्या आहेत का हे आधी पाहावं.

कोविडनंतर याच वयात झिंकची सवय लागली, ती काही घरांत अजून चालू आहे. ५० मिलीग्रॅम झिंक महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, आणि त्यातून रक्तक्षय आणि पायांना बधिरपणा येऊ शकतो. प्रौढांसाठी वरची मर्यादा ४० मिलीग्रॅम आहे. साथ संपली तेव्हाच ती थांबायला हवी होती. गुळवेलीचं तसंच: २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, तरी यकृताचा किंवा थायरॉइडचा आजार असलेल्यांनी ‘झाडपाल्याचं आहे, अपाय नाही’ असं धरून काढा रोज घेऊ नये.

आजोबांच्या डब्यात बहुधा चार वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या एकत्र झालेल्या असतात. हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम-डी, मधुमेहाच्या डॉक्टरांनी बी-१२ ची कॅप्सूल, डोळ्यांच्या डॉक्टरांनी मल्टीविटॅमिन, आणि शेजाऱ्यांनी सुचवलेलं एखादं टॉनिक. नावं वेगळी, आतला माल बराचसा तोच. या पिढीचा डॉक्टरांवर विश्वास मोठा असतो आणि एकदा लिहिलेली गोळी बंद करणं त्यांना अपमानासारखं वाटतं. त्यामुळे ‘हे सगळं फेकून द्या’ असं म्हणून भांडू नका, त्यांच्याशेजारी बसून यादी करा.

कंपनीचं नाव सोडून मागचं बारीक अक्षरातलं घटकांचं वाचा. प्रत्येक घटकासमोर मात्रा, कोणी लिहिली, कधी लिहिली, कशासाठी आणि कधीपर्यंत हे कागदावर उतरवा. एकच घटक दोन-तीन ठिकाणी आला की खूण करा. खास लक्ष व्हिटॅमिन बी-६ वर ठेवा, पायरिडॉक्सिन या नावाने ते असतं. पायांच्या मुंग्यांसाठी दिलेल्या बहुतेक कॅप्सूलमध्ये ते असतं, आणि जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच मुंग्या आणि बधिरपणा येतो. मग मुंग्या वाढल्या म्हणून आणखी एक कॅप्सूल सुरू होते. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड असेल तर तेही यादीत लिहा, कारण त्याच्यासोबत कॅल्शियम आणि डी जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम लवकर चढतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत.

या वयात काही गोष्टी खरोखर लागतात, तेही सांगतो. बी-१२ त्यातलं पहिलं. वयाबरोबर पोटातलं आम्ल कमी होतं, अन्नातून बी-१२ सुटून येत नाही. त्यात शाकाहार, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं चालू असलेलं मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी असेल तर कमतरता जवळजवळ ठरलेलीच. पाय बधिर होणं, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा हे सगळं ‘वय झालं’ किंवा ‘शुगरमुळे’ म्हणून सोडून दिलं जातं. पातळी २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर उपचार हवेतच. शोषण मंदावलेलं असतानाही मोठ्या मात्रेतलं साधारण एक टक्का आपोआप आत शिरतं, म्हणून १००० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेतली तरी बहुतेकांना पुरते. लक्षणं तीव्र असतील तर सुरुवात इंजेक्शनने. बी-१२ न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड मात्र नको. हिमोग्लोबिन सुधारतं, मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं.

लोह बरोबर उलट. पंचाहत्तरीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन उतरलं तर रक्त कुठून जातंय हे शोधावं लागतं: दुखण्याच्या गोळ्यांमुळे झालेला अल्सर, मूळव्याध, आतड्यातला कॅन्सर. आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू केल्या तर शौच काळं होतं आणि रक्तस्रावामुळे येणारा काळेपणा ओळखू येत नाही.

आणि प्रथिनं. पासष्टीनंतर स्नायू झपाट्याने झिजतात. निरोगी वृद्धाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, तरुणाच्या साध्या गरजेपेक्षा जास्त. प्रत्यक्षात जेवण होतं चहा-बिस्कीट, मऊ भात आणि पातळ वरण. दात नसतात, भूक कमी असते. तुमच्या घरात प्रोटीनच्या डब्याची जास्त गरज कुणाला आहे, तर आजोबांना. आधी दही, अंडं, मऊ पनीर, मुगाचं धिरडं, दाट वरण, दुधातली नाचणी असं दिवसाला तीन वेळा वाटून द्या. तरी वजन उतरत असेल तर आहारतज्ज्ञांना विचारून पावडर. किडनीचा आजार असेल आणि डायलिसिस सुरू नसेल तर प्रथिनांचं प्रमाण किडनीच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. सोबत खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठ-बस, दिवसातून दोनदा, जमेल तशी. त्याशिवाय प्रथिनाचे स्नायू होत नाहीत.

डोळ्यांच्या गोळ्यांबद्दल एवढंच: ल्युटिन, झिंक, सी, ई यांच्या ठरावीक मिश्रणाचा फायदा डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची, मॅक्युलाची, झीज मध्यम टप्प्यावर असलेल्यांना मोठ्या चाचणीत दिसला. मोतीबिंदूवर किंवा नुसत्या चष्म्याच्या नंबरवर त्याचा उपयोग नाही. धूम्रपान करणाऱ्याने किंवा सोडलेल्याने बीटा कॅरोटिन असलेलं मिश्रण घेऊ नये, फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

यादी झाली की स्ट्रिप्ससकट ती एकाच डॉक्टरांकडे, शक्यतो नेहमीच्या फिजिशियनकडे, घेऊन जा. रिकाम्या हाताने ‘त्या पिवळ्या गोळ्या’ असं वर्णन करून काही कळत नाही. मात्र काही गोळ्या सप्लिमेंटसारख्या दिसतात आणि त्या स्वतःहून कधीच बंद करायच्या नसतात: संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट घेणाऱ्याचं फॉलिक ॲसिड, जठराची शस्त्रक्रिया झालेल्याचं बी-१२, डायलिसिसवरच्या रुग्णाचं कॅल्शियम, टीबीच्या उपचारातलं बी-६. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली असेल तर आठ-दहा दिवस आधीच सर्जनना ही पूर्ण यादी दाखवा, त्यात च्यवनप्राशापासून माशाच्या तेलापर्यंत सगळं लिहिलेलं असू द्या.